निशाणावरचं रानमांजर

ते रानमांजर सुटून गेलं नव्हतं. ते मेलं होतं, आणि माझ्या हातून मेलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्याजवळ बसून खूप बोललो, तेव्हाही नाही. आणि ज्याला सांगायला हवी होती तो तर अजूनही समजतो की मी त्या जनावराला मोकळं केलं. माझ्याविषयी कुणाचं मत इतकं चांगलं असेल तर ते त्या एका माणसाचं. म्हणूनच मी त्याला टाळत आलो.

आमचं गाव मोताळ्याहून धामणगाव बढ्याकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आहे. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात नवी ग्रामपंचायत, नवी बालवाडी, आणि पोरांचा हुतूतूचा संघ. आजूबाजूच्या सगळ्या संघांची नावं देवांची. आमचं नाव तेवढं रानमांजर, आणि तेही आम्ही ठेवलेलं नाही. एका सामन्यात आमचा एक गडी चढाईला गेला. जमिनीला हात टेकतील इतका वाकून तो पुढं सरकायचा, मध्येच दगडासारखा थांबायचा. समोरचे चुळबुळ करायला लागले की एका उडीत दोघांना शिवून परत. बाहेर बसलेला एक म्हातारा ओरडला, "अबे, हे माणूस हाय का रानमांजर? धरा त्याले शेपटीले!" लोक हसले आणि नाव चिकटलं.

तो गडी म्हणजे माझा जोडीदार. आमच्याच वयाचा, माझ्याहून दोन बोटं बुटका. त्याच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावाच्या पूर्वेला त्यांची वस्ती. बाप दुसऱ्यांच्या शेतांची राखण करायचा, आणि लहानपणापासून हाही त्याच्याबरोबर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचा. रानमांजर उंदीर कसं धरतं हे त्यानं तिथं बसून पाहिलं होतं. मला म्हणायचा, "ते पळत नाई बे. ते थांबते. थांबता आलं पाह्यजे माणसाले." आमच्या शेतात तो मजुरीला यायचा. मैदानावर आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो. शेतात माझ्या वडिलांसमोर तो मला 'भाऊ' म्हणायचा. मैदानावरच्या पाण्याच्या मडक्याला तो हात लावत नसे. त्याचा तांब्या वेगळा असायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. कुणी 'घे' असंही म्हटलं नव्हतं, आणि त्या कुणीमध्ये मी होतो.

मी मॅट्रिक झालेलो, म्हणून संघाचा चिटणीस. अध्यक्ष होते किराणा दुकानवाले शेठ. बनियनं त्यांनी दिलेली. एका मोठ्या गावचा संघ सामन्याला येताना शिंगं रंगवलेला मेंढा आणायचा. ते पाहून आल्यापासून शेठच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. "आपलं नाव रानमांजर, अन् मैदानावर साधी मांजर नाही. खरं आणा एखादं. पिंजऱ्यात घालू. लोक पाह्यला येतीन."

सोंगणीच्या दिवसांत ते मिळालं.

ज्वारी कापताना आमच्याकडे चारी बाजूंनी आत सरकत जातात. शेतात जे काही राहत असतं, ससा, तितर, साप, ते सगळं मधल्या उरलेल्या पट्ट्यात गोळा होतं. जुने मजूर तो शेवटचा पट्टा एक रात्र तसाच उभा ठेवायचे. दुसऱ्या दिवशी कापायचे, तोवर ज्याला जायचं ते निघून जायचं. कुणी हे सांगत-शिकवत नसे, ते तसंच चालायचं. त्या वर्षी पट्टा आमच्या शेतात उरला होता आणि जोडीदार विळा घेऊन सगळ्यांत पुढं होता. तो एकाएकी थांबला आणि हात वर केला.

"आता राहू द्या. मादी हाय आत. पिल्लं हायेत."

दुपारी सगळे बांधावर भाकरी खायला बसले. मी 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठलो आणि दुसऱ्या बाजूनं पट्ट्यात शिरलो. ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी गवत दाबून केलेली एक जागा होती. तिच्यात एकच पिल्लू होतं. मातकट रंगाचं, पायांवर पुसट पट्टे, कानांच्या टोकांना काळे केस. डोळे अजून निळसर होते, पण दात आलेले. ते माझ्यावर फिसकारलं तेव्हा त्याचा आवाज सुकी पाचट मोडल्यासारखा आला. मी ते पागोट्यात गुंडाळलं.

"आई टाकून गेली," मी बाहेर येऊन सांगितलं. "एकटंच होतं."

जोडीदारानं भाकरी खाली ठेवली. "टाकून नाई गेली. तिले एका टायमाले एकच नेता येते तोंडात. बाकीचे नेले असतीन, हे शेवटचं हाय. ठेवून दे."

"मरेल ते इथं."

"मरत नाई बे. तू कायले मधात पडून राह्यला? ठेव."

वडील बसलेले होते, मजूर बघत होते. एका मजुरानं मला सगळ्यांसमोर 'ठेव' म्हणावं, हे मला त्या क्षणी लागलं. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं कारण हेच. शेठची हौस वगैरे नंतर. मी पिल्लू ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टा कापायला गेलो तर त्यानं मला बोलावून मऊ मातीत मादीच्या पायांचे ठसे दाखवले. पट्ट्याच्या भोवती, आत, परत भोवती. "पाहून गेली रातभर," तो एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

चहाच्या खोक्याला एका बाजूनं जाळी ठोकून पिंजरा केला. तो आमच्या गोठ्यात असायचा. मी दूध-भाकरी घालायचो, ते हुंगायचंही नाही. त्याला जगवलं ते जोडीदारानंच. खळ्यावर मारलेले उंदीर तो रोज शेपटीला धरून घेऊन यायचा, जाळीतून आत टाकायचा आणि उकिडवा बसून राहायचा. पिल्लू मोठं झालं. पाय लांब, शेपूट आखूड, टोकाला काळं. माणसाळलं मात्र नाही. मी जवळ गेलो की मागच्या फळीला पाठ लावून बसायचं आणि माझ्याकडे न बघता माझ्यावर लक्ष ठेवायचं.

"सोड त्याले," तो दर दोन-चार दिवसांनी म्हणायचा.

"तूच सोड ना मग. तारेचा आकडा तर आहे."

"म्या सोडलं तं म्हणतीन चोरलं, कातडं विकलं. तुह्या हातानं सोड. तुले कोण काय म्हणते?"

मी हसून विषय बदलायचो. सामन्यांना पिंजरा गाडीवर ठेवून न्यायचो आणि पोरं काठ्यांनी त्याला डिवचायची. जोडीदार तेवढा वेळ पिंजऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा. पण खेळायचा जीव तोडून, आणि आम्ही जिंकत होतो. श्रेय पिंजऱ्याला मिळायचं.

उन्हाळ्यात मोताळ्याला मोठे सामने ठरले. या वेळी एका कापड गिरणीचे दोन गृहस्थ खेळाडू पाहायला येणार होते. ज्याला घेतील त्याला गिरणीच्या संघात जागा आणि गिरणीत कायमची नोकरी. आमच्या गावातून घेतलंच तर कुणाला घेतील याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याच्या आईनं तर वस्तीत सांगूनही टाकलं होतं. त्यानं मला विचारलं होतं, "गिरणीत पगार महिन्याचा महिन्याला देतेत, का अडवून ठेवतेत?" मी म्हटलं, महिन्याचा महिन्याला. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "मंग बापाले राखण सोडाले लावतो."

सामन्याच्या दोन दिवस आधी शेठनं मला मोताळ्याला पाठवलं. संघाचं निशाण रंगवून घ्यायचं होतं. पेंटरनं निरोप दिला होता की रानमांजर त्यानं कधी जवळून पाहिलेलं नाही, तेव्हा जनावर घेऊन या. मी सकाळच्या एस.टी.वर पिंजरा टाकला, टपावर, ट्रंकांच्या मध्ये. गाडी उशिरा निघाली. वाटेत तिचं काहीतरी बिघडलं आणि आम्ही सगळे उतरून बाभळीखाली बसलो. टपावरचा पिंजरा मी खाली घेतला नाही. खाली घ्यावा हे डोक्यातच आलं नाही. वैशाख होता, आणि आमच्याकडचा वैशाख ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढं सांगायला नको.

पेंटरचं दुकान म्हणजे पत्र्याचं एक छप्पर. आत अंधारात पट्टे दिसेनात, म्हणून त्यानं पिंजरा बाहेर उन्हात ठेवायला लावला. जनावर उभं होतं. तोंड उघडं, सुळे दिसतायत, जीभ किंचित बाहेर, बरगड्या भराभर हलतायत.

"वा!" पेंटर म्हणाला. "काय रागात हाय! असंच राहू द्या. तोंड उघडं हाय तवर काढून घेतो."

मलाही ते रागावलेलं वाटलं. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकतं ते कधी, हे मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो गावात होता. पेंटर काढत होता आणि मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. तिथं ओळखीचे दोघं भेटले, सामन्यांच्या गप्पा निघाल्या, मी आमच्या संघाबद्दल मोठमोठं बोललो. दुसरा चहा घेतला. पाण्याचा पेला माझ्यासमोर भरलेला होता. तो तसाच ठेवून उठलो, हे अजून आठवतं.

परत आलो तेव्हा पेंटर आतल्या बाजूला निशाणाच्या कडा रंगवत होता. पिंजऱ्यात ते आडवं पडलेलं होतं. मी काठी आत घालून हलवलं. मग जाळीतून बोट घातलं. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्या अंगाला हात लावला. अंग गरम होतं, उन्हानं.

पेंटर दारात आला. पिंजऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "झोपलं वाटते," तो म्हणाला. मी 'हो' म्हणालो. त्यानं निशाण गुंडाळून हातात दिलं.

पिंजऱ्यावर गोणपाट टाकून मी परतीची गाडी धरली. या वेळी पिंजरा मांडीवर घेतला. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बे खोक्यात? कोंबडी?" मी मान हलवली. दिवस मावळताना मी मळ्यात उतरलो, विहिरीतून काढलेल्या मुरमाच्या ढिगात खड्डा केला आणि ते पुरलं. घरी येऊन रिकामा पिंजरा गोठ्यात ठेवला आणि आकड्याची तार सोडून दिली. सकाळी ओरडलो, पिंजरा उघडा आहे.

शेवटी खोटं बोलायलाही अक्कल लागते. तार बाहेरून सोडलेली होती. जनावर आतून तार सोडत नाही. हे शेठना पहिल्याच नजरेत कळलं.

मारुतीच्या पारापाशी सगळे जमले. निशाण उलगडून पाराला टेकवलेलं. मोठं, तांबूस, तोंड वासलेलं रानमांजर. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, काय फाडून खाईल असं काढलंय. शेठ संतापले होते. "उद्या सामना, अन् हे निशाणावर राहिलं फक्त! माणसाच्या हाताचं काम आहे हे. कोणं सोडलं?"

कुणीतरी म्हणालं, "रोज कोण म्हणत होतं सोडा सोडा म्हणून?"

सगळी तोंडं एका बाजूला वळली. त्याचं नाव सुचायला कुणाला वेळ लागला नाही, आणि का लागला नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो नेहमीसारखा कडेला उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं, माझा चेहरा पडलेला असणार. आणि मग मी पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. मला आधी कळेना. मग कळलं. त्याला वाटत होतं, मी सोडलं. इतके महिने तो सांगत होता, ते मी शेवटी ऐकलं, सामन्याच्या तोंडावर, शेठला न जुमानता. आणि आता बोलायला भितोय.

"म्या सोडलं," तो म्हणाला.

"काऊन सोडलं बे?"

"सोडलं. जनावर होतं, गेलं आपल्या घरी. मीच हाव ना तुमचं रानमांजर, आणखी कोणतं पाह्यजे?"

दोघं-तिघं हसले. त्यालाही वाटलं असावं की हसण्यावारी जाईल, शिव्या खाऊ, पण चढाईला आपल्याशिवाय आहे कोण? शेठ हसले नाहीत. त्यांनी एक गलिच्छ शब्द वापरला, त्याच्या वस्तीवरून. तो मी इथं लिहीत नाही. मग म्हणाले, "बनियन काढ. संघाच्या वस्तूची चोरी करणारा संघात नको." काही जण खूश झाले होते, ते लपलं नाही. त्यानं बनियन काढलं, घडी केली, पारावर ठेवलं. चिटणीस मी. वहीतून त्याचं नाव खोडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते खोडलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'मेलं ते, माझ्याकडून मेलं.' मला फार तर चार शिव्या बसल्या असत्या, वडील दोन दिवस बोलले नसते. मला कुणी बनियन काढायला लावलं नसतं. हे मला तिथं उभा असतानाही कळत होतं.

दुपारी तो मळ्यात आला. मी विहिरीवर होतो, मुरमाचा ढीग पाठीमागे. तो नेहमीसारखा उकिडवा बसला.

"लय चांगलं केलं गड्या तू," तो हळू आवाजात म्हणाला. "मले नव्हतं वाटलं. कोणत्या बाजूनं गेलं?"

मी म्हणालो, "नाल्याकडे."

"मंग जगते ते. तिथं उंदरं हायेत, पाणी हाय." थोड्या वेळानं म्हणाला, "तू बोलू नको कोठी. दोघायचं नाव कायले खराब करतं? शेठचा राग उतरन उद्यापवतर. माह्याबिगर खेळतेत का ते?"

राग उतरला नाही. सामन्याच्या दिवशी तो मोताळ्याला चालत आला होता. दोरीच्या बाहेर, उन्हात, लोकांच्या गर्दीत उभा राहून तो आमच्या नावानं ओरडत होता. आम्ही हरलो. गिरणीच्या त्या दोघांनी समोरच्या संघातला एक मुलगा घेतला. त्यातल्या एकानं मला विचारलं, "तुमच्याकडे एक वाकून चढाई करणारा होता म्हणतात, तो कुठे आहे?" मी सांगितलं, तो आता खेळत नाही. तो आमच्यापासून पंधरा पावलांवर उभा होता.

त्यानंतर त्यानं मला कधी दोष दिला नाही. उलट त्याला माझ्याविषयी जी माया वाटू लागली ती मला सोसवेना. पावसाळा संपता संपता तो एका सकाळी धावत आला. "दिसलं! आपलं दिसलं! चाल." मी नको म्हणत होतो, त्यानं हाताला धरून नेलं. नाल्याच्या काठावर करवंदीच्या जाळीमागे आम्ही पालथे पडून राहिलो. दव पडलेलं होतं, कोपर ओले झाले. बऱ्याच वेळानं पलीकडच्या पडीक रानातून एक रानमांजर आलं. पूर्ण वाढलेलं, उंच पायांचं. उन्हात त्याचे कान आतून तांबडे दिसले. ते चार पावलं यायचं, थांबायचं, पुढचा एक पाय उचलून तसंच राहायचं. मग गवतात सरळ वर उडी घेऊन खाली आलं, तेव्हा तोंडात उंदीर होता. तो घेऊन ते जाळीत शिरलं. आतून बारीक आवाज आले.

"पिल्लं!" तो माझ्या कानात म्हणाला. "पाह्य, पाह्य. तेच ते. आपल्याले ओळखते, म्हून पळालं नाई."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी जन्मात इतका एकटा कधी नव्हतो. खांद्याला खांदा लागलेला एक माणूस आणि मध्ये ते सगळं. ती मादी असावी, कदाचित तीच, जिचं पिल्लू मी पागोट्यात गुंडाळलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. तिथं शेठ नव्हते, वडील नव्हते, कुणी नव्हतं. मी म्हणालो, "हो, तेच असेल."

गिरणीची वाट बंद झाली ती झालीच. दोन वर्षं त्यानं मजुरी केली, मग लग्न झालं आणि तो बायकोच्या गावाकडे गेला. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहायला लागला. मी पंचायत समितीत कारकून झालो, मोताळ्यात खोली घेतली. घर गावाकडे, मी इकडे. ऑफिसातली माणसं चांगली आहेत. चहाला बोलावतात, मी जातो, आणि कुणी जवळ यायला लागलं की माझं येणं कमी होतं. बायको एकदा म्हणाली, "तुमाले एकही दोस्त नाई, असं कसं?" मी म्हटलं, स्वभाव. स्वभाव कसला? एक दोस्त होता, आणि तो ज्या माणसाचा दोस्त होता तो माणूस मी नव्हतोच. दुसऱ्या कुणाशी ते पुन्हा करायची मला हिंमत नव्हती.

बाजारात तो दिसला की मी गल्ली बदलायचो. काही वेळा त्यानं मला गाठलं. दर वेळी थोडं घरचं बोलून झाल्यावर तो म्हणायचा, "नाल्याले अजून हायेत म्हणतेत, आपल्यावाल्याची पैदास." आणि हसायचा.

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण मुलगा ऑफिसात दाखल्यासाठी आला. अर्जावरचं बापाचं नाव वाचून मी मान वर केली. मुलगा म्हणाला, "तुम्हीच का ते? बाबा सांगतात तुमच्याबद्दल. गावाशी वाकडं घेऊन तुम्ही जनावर सोडलं, अन् बाबांनी आळ आपल्यावर घेतला. ते म्हणतात, त्यायच्या आयुष्यात कोणी मोठ्या घरच्या माणसानं त्यायचं म्हणणं ऐकलं, ते तेवढंच."

मी दाखला लिहून दिला.  तीस वर्षांच्या कारकुनीत शेकडो लिहिले तसाच.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसलेला होता. मला आधी जाणवला तो त्याचा श्वास. जिनिंगमधल्या धुळीनं छाती गेलेली. एका दमात आमचं सगळं मैदान पालथं घालणारा माणूस, 'ये, बस' म्हणेपर्यंत दोनदा थांबला. बायकोनं पाणी आणलं, तांब्या-पेला, मी घेतलं. तो बघत होता मी पितो का. मी पूर्ण पेला प्यालो.

"काऊन आलता आज? इतक्या वर्षांनं?"

"सांगायचं होतं काही."

"सांग ना."

मी तोंड उघडलं. त्याच्या मागे मुलगा उभा होता, बाप आणि बापाचा मित्र यांच्याकडे आनंदानं बघत. मी म्हणालो, "तब्येतीला जप." तो हसला, खोकला, म्हणाला, "हे सांगाले आला व्हय बे इतक्या दुरून?" निघताना त्यानं मुलाला माझ्याबरोबर फाट्यापर्यंत पाठवलं.

हे लिहून काढलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला समजतं. लिहिणं सोपं होतं. समोर तो नव्हता. त्याला बसवून, तो मध्ये थांबून श्वास घेईल तेवढा वेळ देऊन, सांगायचं आहे की रानमांजर नाल्याकडे गेलं नाही. ते पेंटरच्या दारात तहानेनं मेलं, मी चहा पीत असताना. तुझी गिरणी गेली ती माझ्या गप्प बसण्यानं गेली. तुझं म्हणणं ऐकणारा मी तो माणूस नव्हतो. हे त्याच्या मुलासमोर सांगायचं आहे, आणि मग आमच्या गावात जाऊन, त्या दिवशी तिथं असलेल्यांपैकी जे उरलेत त्यांच्यासमोर, चोर तो नव्हता, खोटा मी होतो, हे माझ्या तोंडानं म्हणायचं आहे. एवढं माझ्याकडून त्याचं येणं आहे. अजून दिलेलं नाही.